गोधडीखालच्या शेहेचाळीस बाटल्या

मी बिअरमध्ये अंदाजाने गूळ घातला, ती आंबायची थांबली आहे का हे न मोजता बाटल्यांत भरली आणि झाकणं दाबून पक्की बसवली. हाताने केलं ते एवढंच. बाकीचं सगळं तोंडाने केलं.

२००७ सालचा उन्हाळा. मी आणि बायको तेव्हा अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहत होतो. ग्रीन कार्डाची फाइल कुठेतरी कुणाच्या तरी टेबलावर पडून होती आणि शनिवार-रविवारी करण्यासारखं काही नव्हतं. माझ्याबरोबरीची माणसं अशा वेळी गोल्फ शिकत, नाहीतर घर घेत. मी बिअर करायला लागलो.

पहिल्या खेपेला तयार किट आणलं. सोबतच्या कागदावर जे लिहिलं होतं ते, जसं लिहिलं होतं तसं, घड्याळ लावून केलं. बिअर बरी झाली. बरी म्हणजे कुणी ओतून दिली नाही. पण पुण्याच्या माणसाला 'बरी झाली' एवढं पुरतं. उरलेलं कौतुक तो स्वतःच पुरवतो. जून महिन्यात माझ्या मित्राच्या घरी दहा-बारा जण जमलो होतो. हा मित्र नागपूरचा, म्हणून सगळे त्याला नागपूरकरच म्हणत. तिथे माझ्या बिअरचा शेवटचा ग्लास हातात धरून मी जाहीर केलं, "आजपासून दुकानातली बिअर बंद. एकदा स्वतःची प्यायल्यावर ते पिवळं पाणी घशाखाली उतरत नाही."

"लिहून दे बे," नागपूरकर म्हणाला.

मी पेपर नॅपकिनवर लिहून दिलं. खाली सही केली. त्याने तो नॅपकिन त्याच्या फ्रिजवर लोहचुंबकाने लावला. शेजारी त्याच्या चार वर्षांच्या मुलीने काढलेलं जिराफाचं चित्र होतं. पुढचे अडीच महिने त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाने जिराफ पाहिला आणि माझी सही वाचली.

पहिल्याच आठवड्यात एक अडचण लक्षात आली. बिअर करायची तर बाटल्या लागतात, आणि बाटल्या हव्या तर आधी कुणाची तरी विकतची बिअर प्यावी लागते. पहिल्या वेळी मी ती स्वतःच प्यायलो होतो, दोन महिने, अभ्यास म्हणून. आता सही केलेली. मग मी दर मंगळवारी सकाळी, रिसायकलिंगची गाडी यायच्या आत, हातात पिशवी घेऊन फिरायला जायला लागलो. शेजाऱ्यांच्या निळ्या डब्यांतून रिकाम्या बाटल्या वेचायच्या. एच-वन व्हिसावरचा सीनियर कन्सल्टंट, अंगात कंपनीचा टी-शर्ट, डब्यात कोपरापर्यंत हात. समोरच्या घरातल्या बाई एकदा खिडकीतून बघत होत्या. त्यानंतर त्यांनी बाटल्या वेगळ्या पिशवीत भरून ठेवायला सुरुवात केली. धुऊन.

बिअर करायचं सामान मी ज्या छोट्याशा दुकानातून आणायचो तिथल्या म्हाताऱ्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: ज्यांची झाकणं हाताने पिळून निघतात त्या बाटल्या घेऊ नको, त्यांची काच पातळ असते. मी मान हलवली होती. पण डब्यातून वेचणाऱ्याने किती निवड करायची? आल्या त्या घेतल्या.

दुसरी बिअर माझी स्वतःची रेसिपी. स्वतःची म्हणजे कागद फेकून दिला. साखर मोजायचा काचेचा एक काटा असतो, दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरसारखा. बिअरमध्ये तरंगत सोडला की आत किती साखर उरली ते कळतं. तो सिंकमध्ये धुताना फुटला. नवीन आणायचा तर अर्ध्या तासाचा रस्ता. म्हटलं, आईने कधी आमटीत गूळ मोजून घातला होता?

आणि त्या विचारातूनच पुढचा विचार आला. बाटली भरताना बिअरमध्ये थोडी साखर घालतात. आत उरलेलं यीस्ट ती खातं, त्याचा गॅस होतो, झाकण बंद असल्यामुळे तो बिअरमध्येच जिरतो आणि उघडल्यावर फेस येतो. ही साखर तोलून घालायची असते, चिमूटभरसुद्धा इकडे-तिकडे न करता. मी डिकेटरच्या इंडियन ग्रोसरीतून आणलेला गूळ घेतला, सुरीने चिरला, मुठीने घातला. वास इतका छान आला की आणखी एक मूठ घातली. आंबायला ठेवून आठ दिवसही झाले नव्हते. बिअर अजून आतल्या आत काम करत होती. मला ती शांत वाटली.

अठ्ठेचाळीस बाटल्या भरल्या. जिन्याखालच्या क्लोजेटमध्ये, व्हॅक्यूम क्लीनर आणि रेनकोटांच्या खाली ठेवून दिल्या. सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला, रविवारी दुपारी, सगळ्यांना जेवायला बोलावलं. निमंत्रणात 'बिअर घरची' असं ठळक अक्षरांत लिहिलं.

गुरुवारी संध्याकाळी बायको पोळ्या लाटत होती आणि मी टीव्ही बघत होतो. जिन्याखालून आवाज आला. जाड पुस्तक उंचावरून जमिनीवर सपाट पडावं तसा.

"काय पडलं रे?"

"वरचं कुणीतरी," मी म्हणालो. आमच्या वर कुणी राहत नव्हतं.

क्लोजेट उघडलं तर आधी वास आला, गुळाचा आणि ओल्या पावाचा. खालचा कार्पेट ओला होता. एका बाटलीचा तळ जागेवर होता, बाकी बाटली नव्हती. ती कुठे गेली ते शोधायला वर बघितलं. बायकोच्या रेनकोटाच्या बाहीतून काचेचा एक तुकडा आरपार गेला होता आणि मागच्या भिंतीत उभा रुतला होता. माझ्या हनुवटीच्या उंचीला. मी तो ओढला तर सुटेना.

एक बाटली उचलून सिंकपाशी आणली आणि ओपनर लावला. झाकण ओपनरची वाट बघत असल्यासारखं निघालं. बिअर छताला लागली. सगळी. बाटलीत दोन घोट राहिले. ते मी प्यायलो, आणि खरं सांगतो, चव चांगली होती.

बायको छताकडे बघत होती. तिथून पोळपाटावर थेंब पडत होते.

"रविवारी हीच देणारेस लोकांना?"

"दोनच खराब निघाल्या. बाकीच्या ठीक आहेत."

"तुला कसं कळलं?"

"आवाज येत नाहीये ना."

"आत्ताच्या आत्ता घराबाहेर काढ."

मी एकेक बाटली, लहान मूल उचलावं तशी, गॅरेजमध्ये नेऊन खोक्यांत ठेवली. शेहेचाळीस. वरून आईने दिलेली जाड गोधडी घातली. जॉर्जियातला तो उन्हाळा; पाऊस नाही, हिरवळी पिवळ्या पडलेल्या, गॅरेजचं पत्र्याचं दार दुपारी हाताला चटका देई. क्लोजेटमध्ये निदान एसी होता. बाटल्यांना थंडाव्यातून काढून मी भट्टीत ठेवलं आणि वर पांघरूणही घातलं.

शुक्रवारी ऑफिसात दिवसभर इंटरनेटवर तेच वाचलं. ज्यांच्या बाटल्या फुटल्या होत्या त्यांनी फोटो टाकले होते. छतात रुतलेलं झाकण. टाके घातलेला हात. एका फोटोत नुसता चष्मा होता, एका काचेला तडा गेलेला, आणि खाली लिहिलं होतं, 'नशीब मला चष्मा आहे.' उपायही सांगितला होता. जाड कपडे घाला, डोळे झाका, सगळ्या बाटल्या बर्फात घालून गार करा, मग एकेक झाकण सैल करून ओतून द्या. संध्याकाळी दोन तासांचं काम. पण मग रविवारी लोकांना काय देणार होतो? आणि तो नॅपकिन? मी त्या संध्याकाळी गॅरेजच्या दाराला कान लावून आलो, काही ऐकू आलं नाही, आणि आत येऊन झोपलो.

जॉर्जियात तेव्हा रविवारी दुकानात बिअर विकत मिळत नसे. कायदाच होता. म्हणजे काय करायचं ते शनिवारी. सकाळी बायको भाजी आणायला गेली तसा मी टोपी घालून, आपल्याकडचं कुणी जात नाही अशा वीस मैलांवरच्या दुकानात गेलो. साध्या ब्राउन बाटल्यांतल्या बिअरच्या दोन केसेस कार्टमध्ये ठेवल्या, म्हणजे पुन्हा अठ्ठेचाळीस, आणि वळलो तर समोर तोच सामानाच्या दुकानातला म्हातारा. दाढी, जीन्सचा पट्टा पोटाखाली. त्याच्या कार्टमध्ये सगळ्यात स्वस्त बिअरच्या तीन केसेस.

मी माझ्या कार्टसमोर उभा राहिलो. मी बारीक, कार्ट रुंद.

"तुम्ही पण विकत घेता?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"बिअर करताना काय प्यायचं मग? पाणी?" तो म्हणाला. "पंचवीस वर्षं करतोय. आधी घेत होतो त्याच्या दुप्पट विकत घेतो आता. दुसरे कसं करतात ते कळायला नको? आणि घरची संपली की काय, हातावर हात धरून बसू? जो म्हणतो ना मी विकतची पीत नाही, त्याच्या घरी मी जेवायला जात नाही."

मी फार मनापासून हसलो.

"तुझी दुसरी कशी झाली?"

हा माणूस पंचवीस वर्षं हे करत होता. त्याला सांगायचं होतं, काका, घरात बाटल्या फुटतायत, काय करू. एवढी दोन वाक्यं. तो कदाचित माझ्याबरोबर घरीसुद्धा आला असता, आणि येताना त्याने जाड हातमोजे आणले असते.

"मस्त," मी म्हणालो.

"काट्याने बघितलंस ना भरायच्या आधी? दोन-तीन दिवस आकडा हलला नाही ना?"

"अजिबात नाही हलला."

तेही खोटं म्हणता येणार नाही. काटा कचऱ्याच्या डब्यात होता.

"शहाणा आहेस," म्हातारा म्हणाला आणि खांद्यावर थाप मारून गेला.

घरी येऊन बाथटबमध्ये कोमट पाणी सोडलं आणि बाटल्या बुडवून लेबलं खरवडली. विकतच्या झाकणावर कंपनीचं नाव असतं. म्हणून एकेक झाकण काढून, फेस उतू जायच्या आत, माझ्याकडचं साधं सोनेरी झाकण यंत्राने दाबून बसवलं. अठ्ठेचाळीस वेळा. सगळ्या फ्रिजमध्ये आणि बर्फाच्या कूलरमध्ये लावल्या आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. हुबेहूब माझ्या वाटत होत्या. गॅरेजमधल्या आणि या, दोन्ही शेजारी ठेवल्या असत्या तर माझा मलाच फरक सांगता आला नसता. याचा मला तेव्हा आनंद झाला.

बायको आली. "त्या बाटल्यांचं काय केलंस?"

"दुरुस्त केल्या. गॅस काढून टाकला सगळ्यांचा."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

तिने फ्रिज उघडून बघितला आणि मान डोलावली. लग्नाला चार वर्षं झाली होती, अजून विश्वास ठेवायची ती.

रविवारी सगळे आले. मागच्या डेकवर ग्रिल पेटवलं, पनीर आणि चिकन लावलं, बाटल्या उघडल्या. कुणीतरी म्हणालं, या खेपेला एकदम प्रोफेशनल झाली आहे. कुणी म्हणालं, बाजारातल्यासारखी लागते. मी हसून म्हटलं, "बाजारातली अशी असते का?" एक ताई, त्या बिअर पीत नसत, त्यांनीही घोट घेतला. नागपूरकराने तीन बाटल्या संपवल्या, मग त्याच्या बायकोच्या हातात गाडीची किल्ली देऊन चौथी उघडली आणि माझ्या पाठीत गुद्दा घातला.

"मानलं बे तुला. मला वाटलं होतं फेकून राहिला म्हणून. नॅपकिन फ्रेम करून देतो आता."

त्याची बायको, आमच्या वहिनी, यांनी विचारलं, "सगळी एकाच वेळी केली का हो?"

"एकाच पातेल्यातली आहे, वहिनी. पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत एक थेंब फरक नाही."

गरज नव्हती. कुणी एवढं विचारलंही नव्हतं.

नागपूरकर, वहिनी आणि त्यांची छोटी, तिघं तिथूनच पुढे समुद्राकाठी सुट्टीला जाणार होते, पाच-सहा तासांचा रस्ता. अडीचला निघाले. मी डेकवर ग्रिल घासत होतो. तिथूनच हात केला. छोटीने गाडीच्या खिडकीतून पाण्यात घालायचं, हवा भरलेलं प्लास्टिकचं बदक हलवून दाखवलं.

बाकीचे पण पांगले. सव्वातीनच्या सुमारास बायको कागदी ताटल्या गोळा करता करता म्हणाली, "अरे हो, सांगायचं राहिलं. नागपूरकर भाऊजी गॅरेजमध्ये त्यांच्या फोल्डिंगच्या खुर्च्या न्यायला गेले होते ना, त्यांनी बिअर नेली. बारा. मी म्हटलं न्या की, पुष्कळ आहेत."

माझ्या हातात तारेचा ब्रश होता.

"कुठली?"

"गॅरेजमधली. गोधडीखालची. फ्रिजमध्ये न मावलेली. तूच नाही का दुरुस्त केलीस?"

"कुठे ठेवली?"

"डिकीत जागा नव्हती. मागे छोटीच्या पायाशी ठेवलं खोकं. तिला छानच झालं, पाय लोंबकळतात ना एरवी कारसीटवरून. चपला काढून पाय टेकवले तिने खोक्यावर."

मी आत धावलो. नागपूरकर फोन उचलेना. हायवेवर तो कधीच उचलत नसे. बायकोच्या फोनवरून वहिनींना लावला. आता त्या गाडी चालवत असणार, कोण उचलेल कोण जाणे. दोन रिंग. तीन. मागच्या काचेतून येणारं ऊन त्या खोक्यावर कसं पडत असेल ते मला स्पष्ट दिसत होतं.

"हं, बोला," वहिनींचाच आवाज. "स्पीकरवर ठेवलाय हं, आमचे हे ऐकतायत. काही विसरलो का आम्ही?"

आणि इथे, जे सांगायला मी फोन केला होता ते सांगायचं सोडून, मी म्हणालो, "नाही हो. ती बिअर नेलीत ना, ती पिऊ नका एवढंच."

"का हो?"

"बाटल्या जरा नीट धुतल्या नव्हत्या त्या."

"आत्ता तर प्यायलो आम्ही."

"त्या धुतलेल्या होत्या."

मागून नागपूरकर हसला. "बारा बाटल्यांसाठी फोन करून राहिला का बे? केवढा जीव तो! जाऊ दे, धुऊन पिऊ."

"तसं नाही रे. अजून मुरायची आहे ती. चव बिघडेल. तू असं कर, पुढच्या एक्झिटला थांब आणि ते खोकं कुठेतरी ठेवून दे."

"ठेवून दे म्हणजे? रस्त्यावर?"

"हो, म्हणजे, सावलीत."

"याला चढली आहे," नागपूरकर वहिनींना म्हणाला. "भाऊ, तुझी बिअर सहा तास मुरली का नाही मुरली, काय फरक पडते? पातेलं तर एकच ना तुझं?"

"तुम्हीच म्हणालात, एक थेंब फरक नाही," वहिनी म्हणाल्या.

माझी बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि यीस्टबद्दल बोलायला लागलो. यीस्ट प्रवासात ढवळलं जातं, ढवळलं की ढगाळ दिसते, ढगाळ दिसली की लोकांना वाटतं बिघडली. मी हे सगळं सांगितलं. नीट, क्रमाने, आवाज न चढवता.

मग मागून बारीक आवाज आला.

"मम्मा, माय फीट आर स्टिकी."

"काय सांडलं गं? ज्यूस?"

"नो. इट्स कमिंग फ्रॉम द बॉक्स."

मला वाटतं, त्या क्षणी मी ओरडलो. बायको म्हणते ओरडलो नाही, अगदी हळू बोललो. "वहिनी, गाडी बाजूला घ्या. आत्ता. तिला आधी बाहेर काढा, खोक्याला हात लावू नका. त्या बाटल्या फुटतात. घरी एक फुटली, काच भिंतीत घुसली. तुम्ही प्यायलात ती विकतची होती. मी काल आणली. माझी ही आहे, तिच्या पायाखालची."

इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. मग टायरखाली खडी. मग सरकतं दार. छोटी रडायला लागली, "माय डक, माय डक," आणि नागपूरकराचा आवाज, "राहू दे बदक, राहू दे, चल," आणि पावलं, पळती.

मग एक आवाज. जाड पुस्तक पडल्यासारखा. लगेच त्यावर दुसरा आणि तिसरा, एकात एक मिसळलेले.

मग फोनमध्ये नुसता रस्ता. बाजूने जाणाऱ्या गाड्यांची घरघर, जवळ येणारी, दूर जाणारी. एक ट्रक गेला. दुसरा गेला. आणि मग छोटीचं रडणं, मोठ्याने, भोकाड पसरून, बदकासाठी. त्यानंतर आजवर मी कितीतरी मुलांची रडणी ऐकली, इतकं बरं वाटेल असं एकही नाही.

"तिला काही नाही," वहिनी म्हणाल्या. फोन बंद झाला.

नागपूरकराने माझ्या बायकोला एक्झिटचा नंबर कळवला आणि मी निघालो. अंगात बायकोचा हिवाळ्यातला कोट, डोळ्यांना पोहायचा गॉगल, हातांत ओव्हनचे हातमोजे, शेजारच्या सीटवर रिकामा कूलर. बायकोला म्हटलं, गॅरेजकडे जाऊ नकोस. ती म्हणाली, "तू म्हणतोस म्हणून नाही जाणार असं नाही, पण नाही जाणार." ट्रॅफिक लाइटला शेजारच्या गाडीतल्या माणसाने माझ्याकडे बघून खिडकी वर केली.

अटलांटा ओलांडून दक्षिणेला, घरापासून चाळीसेक मैलांवर, एक्झिटच्या वळणापासून जवळच गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, होतं. त्याच्या अलीकडच्या खडीवर, वहिनींनी थांबवली होती तिथेच, गाडी उभी होती, दारं उघडी. आधी गॅस स्टेशनच्या दुकानातून बर्फाच्या पिशव्या घेतल्या. आत बिअरच्या फ्रिजला रविवारची साखळी घातलेली होती. कूलरमध्ये बर्फ भरला आणि गाडीपाशी गेलो.

तीन बाटल्या फुटल्या होत्या. छोटीच्या कारसीटच्या कापडाला डाव्या बाजूने चीर पडली होती आणि आतला पांढरा स्पंज बाहेर आला होता. बदकातली हवा गेलेली. वरच्या छताला बिअर लागून ठिबकत होती. खिडकीच्या काचेवर, लहान मुलाचं डोकं साधारण जिथे येतं तिथे, एक बारीक ओरखडा होता. मी तो बघत उभा राहिलो. मग उरलेल्या नऊ बाटल्या एकेक करून कूलरमध्ये ठेवल्या, बर्फात पुरल्या, झाकण लावलं. गॉगलमधून घाम डोळ्यांत जात होता आणि हातमोज्यांमुळे पुसता येत नव्हता.

नागपूरकर खुर्च्या बाहेर काढून सीटवरच्या काचा वेचत होता. मी म्हटलं, "मी वेचतो." त्याने हातातला कागदी टॉवेल माझ्याकडे दिला आणि बाजूला झाला. गेल्या पाच वर्षांत तो माझ्याशी 'बे' न लावता एक वाक्य बोलला नव्हता. त्या संध्याकाळी तो एकदाही 'बे' म्हणाला नाही. "तिकडे खाली पण आहेत," एवढंच म्हणाला, आणि नंतर, "सांभाळून."

छोटी फुटपाथच्या कडेला अनवाणी बसून आइसक्रीम खात होती. तिचे पाय ओल्या कपड्याने पुसून काढलेले. वहिनी शेजारी उभ्या होत्या, एक हात तिच्या डोक्यावर. दिवस कलला होता, पण ऊन तसंच होतं. मी गॉगल काढून त्यांच्यासमोर गेलो. येताना रस्ताभर माफीची वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "वहिनी, मी लगेच फोन केला हो. कळल्याबरोबर केला."

त्यांनी पर्समधून फोन काढला, एक बटण दाबलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"सात मिनिटांचा कॉल आहे, भाऊजी. माझी पोर त्या खोक्यावर पाय टेकवून बसली होती, आणि पहिली चार मिनिटं तुम्ही बिअरची अब्रू सांभाळत होता."